लॅन्सेटमधला पेपर पहिल्यांदा उघडताय? मग असा वाचा

परळच्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत मी बरीच वर्षं काम करतेय आणि हल्ली काउंटरवर एक प्रश्न फार येतो. मोबाईल पुढे करतात आणि विचारतात, "ताई, हे लॅन्सेटमध्ये आलंय म्हणतात, खरं आहे का?" विचारणाऱ्या कधी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली असतात, कधी एखाद्या पोर्टलसाठी हेल्थची बातमी करणारा नवीन रिपोर्टर असतो, कधी आमचाच शिपाई ज्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर काहीतरी फिरतंय. खरं आहे का याचं उत्तर मी नाही देऊ शकत, मी डॉक्टर नाही. पण पेपर कसा उघडायचा आणि कुठून वाचायला घ्यायचा हे मी नक्की दाखवू शकते, आणि ते दाखवलं की बहुतेक वेळा त्यांना त्यांचं उत्तर स्वतःच सापडतं. तेच इथे लिहून काढतेय.

आधी दोन ओळी ओळख. लॅन्सेट हे लंडनचं वैद्यकीय संशोधनाचं साप्ताहिक, थॉमस वेकली नावाच्या सर्जनने १८२३ मध्ये सुरू केलं. आपलं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, म्हणजे ते उघडलं तेव्हा लॅन्सेट बावीस वर्षांचं होतं. लॅन्सेट म्हणजे सर्जनचं छोटं टोकदार पातं. आज एल्सेव्हिअर ही कंपनी ते छापते आणि त्याच्या घराण्यात भरपूर भावंडं आहेत, लॅन्सेट ग्लोबल हेल्थ, लॅन्सेट ऑन्कोलॉजी, लॅन्सेट डायबिटीस अँड एंडोक्रिनॉलॉजी, आपल्या भागासाठी लॅन्सेट रिजनल हेल्थ साउथईस्ट एशिया, अशी बरीच. बातमीत सगळ्यांना सरसकट "लॅन्सेट" म्हणतात, म्हणून नेमकं कुठलं ते आधी बघायचं.

पायरी १. बातमी बंद करा, मूळ पेपर शोधा

बातमीत लेखकाचं आडनाव, आजाराचं नाव, देश, वर्ष यातल्या दोनतीन गोष्टी तरी मिळतातच. त्या घेऊन पबमेडवर जायचं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ती सोय आहे, एकदम फुकट, लॉगिनसुद्धा लागत नाही. शब्द इंग्रजीतच टाकावे लागतात पण चार शब्द पुरतात. पेपर सापडला की त्याचा डीओआय नंबर कॉपी करून ठेवा, तो त्या पेपरचा आधार नंबर समजा, लिंक बदलली तरी तो बदलत नाही.

एक सावधगिरी. लिंक एसएसआरएन नावाच्या साइटची असेल तर तो प्रीप्रिंट आहे. लॅन्सेटच्या नावाखाली तिथे प्रीप्रिंटचा वेगळा विभाग आहे खरा, पण त्यातल्या मजकुराचं पिअर रिव्ह्यू झालेलं नसतं, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासून, प्रश्न विचारून, दुरुस्त्या करून घेतलेल्या नसतात. तो "लॅन्सेटमध्ये आला" असं म्हणायचं नाही.

पैशांचं काय? अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे सुरुवातीचा गोषवारा सगळ्यांना फुकट दिसतो. ग्लोबल हेल्थ आणि रिजनल हेल्थमधले पेपर अख्खे उघडे असतात. मुख्य लॅन्सेटच्या साइटवर फुकट अकाउंट काढलं तर काही काही लेख उघडतात. तरी नाही मिळाला तर पहिल्या पानावर एका लेखकाचा ईमेल दिलेला असतो, त्याला दोन ओळींचं साधं पत्र टाका, मी आजवर ज्या ज्या मुलांना असं करायला लावलं त्यातल्या बऱ्याच जणांना पीडीएफ आलेली आहे. आणि तुम्ही सरकारी कॉलेजात शिकत असाल तर लायब्ररीत जाऊन "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" आपल्याकडे चालू आहे का हे विचाराच, जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी हजारो जर्नल्स त्यातून उघडी केलीत आणि कित्येक विद्यार्थ्यांना ते माहीतच नाहीये.

पायरी २. हा लेख कुठल्या प्रकारचा आहे?

नव्वद टक्के गोंधळ इथे होतो असं मला वाटतं. लॅन्सेटमध्ये छापलेलं सगळं संशोधन नसतं. पानाच्या वरच्या बाजूला छोट्या अक्षरात प्रकार लिहिलेला असतो, तिथे नजर टाकायची सवय लावा.

"आर्टिकल" लिहिलं असेल तर ते संशोधन, कोणीतरी माणसं मोजलीत, तपासलीत, औषध दिलंय. "कॉमेंट" म्हणजे त्या संशोधनावर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत, बहुतेक वेळा त्याच अंकात येतं, आणि नवख्यासाठी ते सोनं आहे कारण एक दोन पानांत तो माणूस सांगतो की या अभ्यासात दम कुठे आहे आणि कच्चा दुवा कुठला. "एडिटोरियल" म्हणजे संपादकांची भूमिका. "करस्पॉन्डन्स" म्हणजे वाचकांची पत्रं, तिथे खरी भांडणं होतात, आधीच्या पेपरवर आक्षेप आणि त्याला मूळ लेखकांचं उत्तर. "सेमिनार" आणि "रिव्ह्यू" मध्ये एका आजाराविषयी आत्तापर्यंत काय काय माहीत आहे त्याचा आढावा असतो, नर्सिंगच्या मुलींना मी आधी सेमिनारच वाचायला देते. आणि "कमिशन" म्हणजे तज्ज्ञांचा मोठा गट बसून एखाद्या विषयावर अहवाल देतो, जसा जानेवारी २०२५ मध्ये लठ्ठपणावर आला, की नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणा ठरवू नका, शरीराच्या कामकाजात बिघाड झालाय का तेही बघा. ती तज्ज्ञांची शिफारस आहे, कुणाला औषध देऊन काढलेला निष्कर्ष नाही. दोन्हीची किंमत आहे पण वेगवेगळी.

आता हे माहीत नसलं की काय होतं, एखाद्याचं पत्र छापून येतं आणि ग्रुपवर "लॅन्सेटने सिद्ध केलं" म्हणून फिरतं. पत्राने काही सिद्ध होत नसतं.

पायरी ३. चौकट आधी, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नंतर

संशोधनाचा पेपर उघडला की बहुतेकजण वरून खाली वाचायला लागतात आणि दुसऱ्या परिच्छेदात थकतात. तसं करू नका. लॅन्सेटच्या पेपरात "रिसर्च इन कॉन्टेक्स्ट" नावाची एक चौकट असते, तिच्यात तीनच गोष्टी, या आधी काय माहीत होतं, या अभ्यासाने नवीन काय दिलं, आणि सगळं मिळून अर्थ काय. भाषा त्यातल्या त्यात सोपी असते. ती आधी वाचा, हवं तर दोनदा. मग अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. त्याचे पाच तुकडे असतात, बॅकग्राउंड, मेथड्स, फाइंडिंग्स, इंटरप्रिटेशन, फंडिंग. घाईत असाल तर मेथड्स आणि फाइंडिंग्स वाचा, इंटरप्रिटेशन शेवटी, कारण ते लेखकांचं स्वतःचं म्हणणं असतं आणि ते आधी वाचलं की आकडे आपण त्याच चष्म्यातून बघतो.

अजून एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही. लॅन्सेट दशांश चिन्ह ओळीच्या मधोमध छापतं, खाली नाही. नव्या मुलांना तो गुणाकाराचा ठिपका वाटतो. तो साधा पॉइंट आहे.

पायरी ४. आकडा कशातला, ते शोधा

इथे जरा थांबू, कारण हेच शिकायचंय. आपल्याच देशातलं उदाहरण घेते, मला फार जवळचं वाटतं. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबीच्या पेशंटच्या घरच्यांवर एक ट्रायल केली, रेशन्स ट्रायल म्हणतात तिला, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पैशांतून. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली. प्रश्न साधा होता, टीबी झालेल्या माणसाच्या घरातल्या बाकीच्यांना नीट खायला मिळालं तर त्यांना टीबी होणं कमी होईल का? २,८०० पेशंट आणि त्यांच्या घरचे १०,३४५ जण. पेशंटला रेशन दोन्ही गटांत मिळालं. फरक एवढाच की एका गटात घरच्या प्रत्येकालाही महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या गटात घरच्यांना नाही.

बातम्यांमध्ये काय आलं? टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. आकडा बरोबर आहे. पण वाचणाऱ्याला वाटतं शंभरातल्या ३९ जणांचा टीबी वाचला. तसं नाहीये. फाइंडिंग्समध्ये बघा, ज्यांना घरचं रेशन नव्हतं त्या ४,७१२ जणांपैकी १२२ जणांना टीबी झाला, म्हणजे शंभरात २.६. ज्यांना मिळालं त्या ५,६०२ पैकी ९६ जणांना, म्हणजे शंभरात १.७. कागदावर स्वतः भागाकार करून बघा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरतो. फरक शंभरात एकापेक्षा कमी आहे, साधारण ११५ माणसांना खायला दिलं तर एकाचा टीबी टळला असा कच्चा हिशोब निघतो.

आता हे ऐकून एक मुलगी मला म्हणाली, मॅडम मग हे काहीच नाही की. मी तिला म्हटलं अगं थांब, डाळतांदूळ देऊन ११५ जणांत एक माणूस टीबीपासून वाचतो, औषध नाही, इंजेक्शन नाही, आणि ज्या घरात खायची मारामार आहे तिथे पोटात अन्न गेलं हा फायदा तर वेगळाच, तो या आकड्यात मोजलेलासुद्धा नाही. म्हणजे दोन्ही आकडे खरे आहेत. टक्क्यांचा आकडा परिणाम किती जोरदार आहे ते सांगतो, शंभरातला आकडा किती माणसांना फायदा झाला ते सांगतो, आणि दोन्ही डोळ्यांसमोर असल्याशिवाय मत बनवायचं नाही.

अजून एक पायरी खोल जाऊ. तुम्ही २.६ आणि १.७ वरून घट काढलीत तर ती पस्तीसेक टक्के येते, ३९ नाही. मग ३९ कुठून आला? तो "अ‍ॅडजस्टेड" आकडा आहे. दोन गटांतल्या माणसांत सुरुवातीलाच जे फरक असतात त्यांचा, आणि इथे गट माणसामाणसाने न पाडता टीबी युनिटप्रमाणे, म्हणजे सरकारी टीबी कार्यक्रमाच्या छोट्या विभागांप्रमाणे पाडले होते, २८ युनिट्स, त्याचाही हिशोब धरून तो काढलेला आहे. यात चोरी काही नाही, ही रीतच आहे, पण शब्द दिसला की कळायला हवं. पेपरात ही ३९ टक्के घट ०.६१ अशी लिहिलेली असते, म्हणजे रेशन नसलेल्या गटात १ तर रेशनवाल्या गटात ०.६१, आणि १ आला तर फरकच नाही. त्याच्या शेजारी कंसात दोन आकडे असतात, ०.४३ ते ०.८५, त्याला कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणतात. साध्या भाषेत, खरी घट १५ टक्के असू शकते किंवा ५७ टक्केसुद्धा, ३९ हा मधला अंदाज. ही दोन टोकं १ च्या एकाच बाजूला आहेत म्हणून फायदा झालाय असं म्हणता येतं. एक टोक १ च्या पलीकडे गेलं असतं तर लेखकांना तसं ठामपणे म्हणता आलं नसतं.

आणि याच ट्रायलचा दुसरा पेपर त्याच वेळी लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला, त्यात पेशंटकडे बघितलंय, की ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यात मृत्यू कमी होते. हा वाचताना एक प्रश्न विचारा, तुलना कोणाशी? रेशन सगळ्याच पेशंटना मिळालं होतं, त्यामुळे "रेशन नसलेले पेशंट" असा गटच नाही. वजन वाढणं आणि जगणं या दोन गोष्टी सोबत दिसल्या एवढंच पक्कं म्हणता येतं, कारण ज्याचा आजार आधीच हलका होता त्याचं वजनही वाढलं असेल. लेखकही तसंच लिहितात. बातमीत मात्र दोन्ही पेपर एका वाक्यात मिसळून जातात. निक्षय पोषण योजनेत टीबी पेशंटला महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, तेव्हा आमच्या भागात ज्यांचं कोणी टीबीच्या औषधांवर असेल त्यांनी हे पेपर जरूर बघावेत, आणि पैसे खात्यात येतायत का तेही बघावं.

पायरी ५. व्याख्या काय धरलीय?

भारतात डायबिटीसचे पेशंट किती? जून २०२३ मध्ये लॅन्सेट डायबिटीस अँड एंडोक्रिनॉलॉजीत आयसीएमआर-इंडियाब अभ्यास आला, त्यात १०.१ कोटी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्य लॅन्सेटमध्ये एनसीडी-रिस्क या जागतिक गटाचा पेपर आला, त्यात २१.२ कोटी. दीड वर्षात दुप्पट? आमच्या चाळीच्या ग्रुपवर तेव्हा घबराट होती, एका काकांनी तर भात कायमचा बंद केला.

दुप्पट कोणी झालेलं नव्हतं. इंडियाबवाल्यांनी उपाशीपोटी साखर आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर अशी तपासणी धरली. एनसीडी-रिस्कने उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट, यातलं काहीही एक वाढलेलं असलं तरी डायबिटीस धरला. जाळं मोठं टाकलं तर मासे जास्त येणारच. त्यातून आपल्याकडे रक्तात लोह कमी असलेली माणसं, खास करून बायका, खूप, आणि लोह कमी असलं की एचबीएवनसी खरी साखर तेवढी नसतानाही जास्त दिसू शकते. भारतातल्या तज्ज्ञांनी यावरच आक्षेप घेतला. म्हणून मेथड्समध्ये "डिफाइन्ड अ‍ॅज" हे शब्द शोधा, पीडीएफमध्ये सर्च मारला की सापडतात. कितीही मोठा आकडा असू दे, आधी ते वाक्य वाचायचं. आणि काकांना मी सांगितलं की भात सोडायच्या आधी स्वतःची साखर तर तपासा.

पायरी ६. पेपर मागे तर घेतलेला नाही ना?

मोठ्या जर्नलकडूनही चुका होतात, आणि मोठ्या होतात. १९९८ मध्ये लॅन्सेटमध्ये अँड्र्यू वेकफील्डचा पेपर आला, फक्त १२ मुलांवरचा, त्यातून एमएमआर लस (गोवर, गालगुंड, रुबेलाची) आणि ऑटिझमचा संबंध जोडला गेला. तो पूर्ण मागे घ्यायला फेब्रुवारी २०१० उजाडलं. बारा वर्षं. तेवढ्या काळात किती आईबापांच्या मनात भीती बसली असेल याचा विचार केला तरी मला त्रास होतो. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ होती, लहान मुलं दगावत होती, आणि त्या दिवसांतसुद्धा मला कोणीतरी लस आणि ऑटिझमचा जुना मेसेज "लॅन्सेटमध्ये आलंय" म्हणून पाठवला. मी त्या पेपरचं पान उघडून त्यावरचा "रिट्रॅक्टेड" हा शब्द दाखवला, त्याशिवाय पटेना.

दुसरं कोविडचं. २२ मे २०२० ला हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर पेपर आला, ६७१ हॉस्पिटल्स आणि ९६,०३२ पेशंट, औषधाने नुकसान होतं असं म्हणणारा. आपल्याकडे तेव्हा आयसीएमआरच्या सल्ल्यावरून हॉस्पिटलचा स्टाफ तीच गोळी घेत होता, त्यामुळे इथे केवढी चर्चा झाली. डब्ल्यूएचओने आपल्या ट्रायलमधला त्या औषधाचा भाग थांबवला. मग संशोधकांनी डेटा मागितला, तो पुरवणारी कंपनी तो तपासायला देईना, आणि ४ जूनला, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, पेपर मागे घेतला गेला. हे औषध कोविडवर चालत नाही हे पुढे नीट केलेल्या ट्रायल्समधून कळलं, पण त्या पेपरमधून नाही.

तपासायला अर्धा मिनिट लागतो. पबमेडवर पेपरच्या पानावर वरच सूचना दिसते, लॅन्सेटच्या साइटवर पीडीएफवर आडवा शिक्का असतो. कोणाची जुनी पीडीएफ फॉरवर्ड होऊन आली असेल तर त्यावर शिक्का नसेल, म्हणून नेहमी साइटवर जाऊनच बघा.

पायरी ७. पैसे कोणाचे

मेथड्सच्या शेवटी "रोल ऑफ द फंडिंग सोर्स" आणि पेपरच्या शेवटी "डिक्लेरेशन ऑफ इंटरेस्ट्स" असे दोन छोटे भाग असतात. कंपनीने पैसे दिले म्हणून पेपर खोटा होत नाही, पण डेटा कोणाच्या हातात होता आणि लिहिलं कोणी हे बघून ठेवा. ट्रायल भारतात झालेली असेल तर सीटीआरआय नंबर दिलेला असतो, ही आपली सरकारी नोंदणी, तिथे जाऊन ट्रायल सुरू करताना काय मोजू म्हणाले होते आणि पेपरात काय मोजलं ते ताडून बघता येतं.

तुमच्या स्वतःच्या आजाराविषयी काही वाचलंत तर गोळी बंद करणं, वाढवणं असलं काही नको. अ‍ॅब्स्ट्रॅक्टची प्रिंट काढा, एकच ओळ अधोरेखित करा, आणि डॉक्टरांना विचारा, "सर, हे माझ्यासारख्या पेशंटला लागू होतं का?" ओपीडीत तीन मिनिटं मिळतात, त्यात एवढा एकच प्रश्न बसतो.

सुरुवात कुठून करायची? सरावासाठी मी लॅन्सेटचा नाही, बीएमजेचा, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलचा एक पेपर देते, कारण तो अख्खा फुकट आहे आणि आपल्या मुंबईचा आहे. टाटा मेमोरियलच्या टीमने १९९८ पासून मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांवर केलेली ट्रायल, २०२१ मध्ये छापली. अर्ध्या वस्त्यांमध्ये शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने स्तनांची तपासणी करायच्या, मॅमोग्राफीचं मशीन नाही, काही नाही. वीस वर्षांनी हिशोब केला. त्यात तीन गोष्टी शोधून काढा. सगळ्या बायका मिळून मृत्यू १५ टक्के कमी दिसतात, पण त्याचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल १ ओलांडतो का? पन्नाशीच्या पुढच्या बायकांत ती घट जवळपास ३० टक्के आहे, तिथे काय दिसतं? आणि कॅन्सर सापडला तेव्हा तिसऱ्या चौथ्या स्टेजला किती जणी होत्या, एका गटात ३७ टक्के आणि दुसऱ्यात ४७, यातला कुठला गट कुठला? उत्तरं टेबलांमध्ये आहेत. एक संध्याकाळ लागेल, आणि घरात पन्नाशीची कोणी असेल तर तिला शेजारी बसवून वाचा.